भिंतीवरून पडलेला माणूस

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, तब्येत, चौकशी हे सगळं मी लिहिलं आणि तू वाचलंस असं धरून चाल. फोन मुद्दाम करत नाहीये. फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला वाजतं आणि तिसऱ्याला तू "वर्गावर जायचंय" म्हणून ठेवून देतेस. पत्रात निदान तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

नव्या घरात जीव रमायला लागला होता, आता बिनसलंय. वसाहत नवी कोरी. सहा इमारती, मध्ये बाग म्हणून सोडलेली मोकळी जागा, तिच्यात अजून नुसती खडी. मागे छातीएवढी भिंत आणि पलीकडे ती वस्ती, तुला गच्चीवरून दाखवली होती ती. बाटल्यांचा कारखाना चालू होता तेव्हा तिथे कामगार राहायचे. कारखाना बंद पडला, माणसं तिथेच राहिली. आमच्या इमारती कारखान्याच्याच जागेवर उभ्या आहेत.

महिनाभर चोऱ्या चालल्यात. आधी नळांच्या तोट्या, मग तिसऱ्या इमारतीतल्या बाईंची सायकल आणि परवा चक्क पाण्याची मोटर. पाइप कापून उचलून नेली. सगळ्यांनी बादल्या वाहिल्या. बादल्या वाहताना माणसं काय काय बोलतात ते तुझ्या कानावर पडायला हवं होतं.

सेक्रेटरींनी बैठक घेतली. सेक्रेटरी म्हणजे पहिल्या इमारतीतले निवृत्त वीज-अभियंते, मान ताठ, आवाज खणखणीत. पाळीपाळीने पहारा ठरला आणि आमच्या मास्तरांना शिट्टी मिळाली! हसू नकोस. ज्या नवऱ्याच्या घरात झुरळ मारायला मी लागते, शिकाऊ पोरीने गाडी खांबावर घातली तरी जो "हरकत नाही, पुढच्या वेळी ब्रेक थोडा आधी" म्हणतो, तो आता काठी घेऊन फिरतोय.

तू महिन्यातून दोनदा तुरुंगात जाऊन या लोकांशी बोलतेस. मला एकदा सरळ भाषेत सांग, वर्गातल्या भाषेत नको. ही माणसं अशी का होतात? हातपाय धड असताना काम करून खायला काय होतं?

तुझी चिमणी


११ फेब्रुवारी

चिमणे,

ज्या प्रश्नावर माझं इतकी वर्षं पोट भरतंय त्याचं उत्तर तुला एका पत्रात हवंय. बघते जमतंय का.

आधी तुझा प्रश्नच बघू. "ही माणसं." मोटर नेताना कोणी कोणाला पाहिलं? तुझ्या पत्रावरून तरी कोणी नाही. तरी "ही माणसं" ठरली आणि ती भिंतीपलीकडची ठरली. एके काळी विद्वान मंडळी गुन्हेगार ओळखायला कवट्या मोजायची. आता कवट्या मोजत नाहीत, पत्ता विचारतात.

आम्ही काय म्हणतो ते ऐक. समाज सगळ्यांना एकच चित्र दाखवतो, असं घर, अशी गाडी, अशी शाळा. चित्र सगळ्यांना आणि तिथवर जाणारा जिना थोड्यांना. ज्या जमिनीवर त्यांची नोकरी होती तिच्यावर आज तुझं स्वयंपाकघर आहे. एवढ्याने माणूस चोर होतो असं मी म्हणत नाही, त्या वस्तीतली बहुतेक माणसं सकाळी उठून काम शोधायला जात असतील. पण जो घसरतो त्याच्या पायाखाली आधीपासून उतार असतो, एवढंच.

दुसरं, गुन्हा शिकावा लागतो. मास्तर गाडी शिकवतात तसंच कोणीतरी शेजारी बसून शिकवतं. हात कसा चालवायचा ते तर शिकवतंच, पण नंतर स्वतःला काय सांगायचं तेही शिकवतं. "सगळेच करतात." "त्यांचं काय अडणार आहे." "त्याची लायकीच ती होती." ही वाक्यं तोंडात तयार असल्याशिवाय सहसा कोणाचा हात उठत नाही. तुरुंगात मी सगळ्यात जास्त ऐकते ती हीच.

आणि तिसरं म्हणजे शिक्का. एक शेगड्या दुरुस्त करणारा आहे, दहाव्यांदा आत आलाय. लहानपणी वसतिगृहातलं घड्याळ हरवलं आणि आळ याच्यावर आला. मला म्हणाला, "बाई, पहिली चोरी मी केलीच नाही. दुसरी केली, कारण नाव तर झालंच होतं." घड्याळ पुढे रखवालदाराच्या गादीखाली सापडलं. याला सांगायला कोणी गेलं नाही.

मास्तरांना म्हणावं, शिट्टी ठेवा, काठी परत करा.

ताई


२ मार्च

ताई,

भाषण छान झालं. आता तुझ्या नळाची तोटी चोरीला जाऊ दे आणि मग उताराबद्दल लिही.

खरं सांगू? पहारा सुरू झाल्यापासून इथे पहिल्यांदा बरं वाटतंय. याआधी जिन्यात समोरासमोर आलो तर आम्ही एकमेकांना वाट देऊन गप्प जायचो. आता फाटकाशी खुर्च्या असतात, चहाची किटली असते. दातांचे डॉक्टर, कापडवाले दोघे भाऊ, तिसऱ्या इमारतीतला तो सदा चिडलेला वकील, सगळे हसतात-खिदळतात. मास्तर आत्तापर्यंत कुठल्या घोळक्यात बसले होते का कधी? परवा सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर आहेत म्हणून आपण निर्धास्त आहोत." घरी आले ते फुलूनच. जेवताना मला दोनदा सांगितलं.

आणि आता एक माणूस लक्षात आलाय. भंगारवाला. हातगाडी घेऊन भिंतीकडेने फिरतो, इमारतींकडे टक लावून बघतो. वकिलाने लांबून त्याचा फोटो काढून फाटकावर चिकटवलाय, खाली लिहिलंय, "हा दिसल्यास कळवा." तो माझ्या औषधांच्या दुकानात येतो. बायकोचा दमा आहे, तिचा पंप न्यायला येतो. बोलायला नीट आहे. पण बोलायला नीट असणं हा काही पुरावा नाही, हे तूच म्हणतेस ना?

काठी परत करायची नाही असं ठरलंय. मी मास्तरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ताई पुस्तकात राहतात, आपल्याला वसाहतीत राहायचंय."

चिमणी


१९ मार्च

ताई,

घाईत लिहितेय. पेपरात काही आलं असेल तर घाबरू नकोस म्हणून.

रविवारी दुपारी तो भंगारवाला आमच्या भिंतीवरून पडला. चोरी करायला चढला असणार. खालच्या खडीवर आपटला. दोन्ही हात मोडलेत, डोक्यालाही लागलंय. इस्पितळात आहे, शुद्धीवर आलाय म्हणतात, पण नीट बोलत नाही. पोलीस येऊन सगळ्यांशी बोलून गेले. सगळ्यांनी तेच सांगितलं.

मास्तर त्या वेळी घरीच होते, पेपर वाचत.

आम्ही ठीक आहोत. मास्तरांना जरा बरं नाही, वर्गही बंद ठेवलेत. फोन करू नकोस, मी दुकानात असते.

चिमणी


२४ मार्च

चिमणे,

ती भिंत मी पाहिली आहे. तिला टेकून आपण चहा प्यायलो होतो, कप तिच्यावर ठेवले होते. तिच्यावरून पडून माणसाचे दोन्ही हात मोडत नाहीत आणि डोकंही फुटत नाही.

मास्तर कुठे होते, हे मी विचारलं नव्हतं.

आईमागे तुला मी वाढवलं. तू खोटं बोलायला लागलीस की वाक्यं लहान होतात, शाळेत असल्यापासून. काय झालं ते लिही. मी कोणाला सांगायला जाणार नाही, पण मला मात्र खोटं लिहू नकोस.

ताई


२ एप्रिल

ताई,

लिहिते.

मी गॅलरीत होते. शिट्टी वाजली म्हणून खाली बघितलं. तो मोटरच्या खोलीजवळ उभा होता, खांद्यावर पोतं. सात-आठ जण त्याच्याभोवती जमले. पोतं उलटं केलं, त्यातून एक जुना पंखा आणि एक इस्त्री पडली. तो सांगत होता, "मला बोलावून दिलंय, वरच्या बाईंनी दिलंय." कोणी ऐकत नव्हतं. खरं तर दिलंच होतं. सेक्रेटरींच्या सुनेनेच बोलावून दिलं होतं, हे तिने मला नंतर जिन्यात रडत सांगितलं. त्या वेळी तीही दार लावून आत उभी होती. आणि मीही. ओरडा वाढला तेव्हा मी आत येऊन गॅलरीचं दार लावून घेतलं. मिक्सर चालू केला, ताई. त्यात काही घातलं नव्हतं.

मास्तर कडेला उभे होते. एकदा त्यांनी हात उचललेला मी पाहिला. थांबवायला की मारायला, ते वरून कळलं नाही आणि मी अजून विचारलेलं नाही. ते रात्री झोपत नाहीत. मीही झोपल्याचं सोंग करते.

संध्याकाळी सेक्रेटरी घरोघर आले. "तो भिंतीवरून पडला," एवढंच म्हणाले आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिले. प्रत्येकाने मान हलवली.

आता मुद्द्याचं. भंगारवाल्याची बायको तक्रार करणार आहे असं कळतंय. वकील म्हणाला, प्रकरण कोर्टात गेलंच तर एखाद्या तज्ज्ञाचं मत कामाला येईल. लोक घाबरलेले होते, पोलिसांनी चोऱ्यांकडे लक्ष दिलं नव्हतं, गर्दीत माणसाचं डोकं चालत नाही, असं शास्त्राच्या भाषेत. मी म्हटलं, माझी ताई आहे.

तू कितीतरी परक्यांसाठी कोर्टात उभी राहिलीस. त्या शेगडीवाल्यासाठी राहिलीस. तूच मला लिहिलंस, पायाखाली उतार असतो, गुन्हा शेजारी बसून शिकवला जातो. मग माझ्या नवऱ्याच्या पायाखाली उतार नव्हता? त्याला शेजारी बसून कोणी शिकवलं नाही? का तुझं समाजशास्त्र फक्त भिंतीपलीकडच्यांसाठी आहे?

चिमणी


८ एप्रिल

चिमणे,

तुझा शेवटचा प्रश्न मी पुन्हा वाचला. तो बरोबर आहे. मी आयुष्यभर जे सांगत आले ते मास्तरांनाही लागू आहे, अक्षरन् अक्षर. भीती, घोळका, वर्षानुवर्षं एकटं राहिलेल्या माणसाला अचानक मिळालेली वाहवा. मी कोर्टात येईन. हे सगळं सांगेन, सेक्रेटरींनी फाटकावर फोटो लावू दिला तिथपासून.

पण कोणत्या कृत्याचं कारण सांगू? तुमच्या म्हणण्याप्रमाणे तर तो माणूस भिंतीवरून पडलाय. भिंतीवरून पडलेल्या माणसाचं समाजशास्त्र नसतं गं. त्याला नुसतं वजन असतं.

मी ज्यांच्यासाठी उभी राहिले त्यांनी आधी "मी केलं" असं म्हटलं होतं. शेगडीवाल्यानेही. त्यानंतरच "का केलं" हे विचारता येतं. तुम्हाला आधीचं झाकायला नंतरचं हवंय. तसं मी मास्तरांसाठी करणार नाही आणि तुझ्यासाठीही नाही. तू माझ्या मांडीवर वाढलीस तरीही.

नवऱ्याला विचार. दार लावून घेऊन नाही, समोर बसून.

ताई


१५ एप्रिल

ताईंना नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. चिमणीला हे पत्र ठाऊक नाही. तुमची पत्रं टेबलावर असतात, मी ती वाचली आहेत, त्याबद्दल माफ करा.

तुम्ही तिला "नवऱ्याला विचार" असं लिहिलंत. ती विचारत नाही. रोज संध्याकाळी समोर बसते, तोंड उघडते आणि भाजीचं काहीतरी बोलते. तुम्ही तिला असं लिहिणं थांबवा, घर मोडेल, हे सांगायला मी हे पत्र लिहायला घेतलं. आता दुसरंच लिहितोय.

तो माणूस माझ्या ओळखीचा होता. आमच्या गाडी-शिकवणीच्या आवारात जुन्या बॅटऱ्या, टायर न्यायला यायचा. एकदा म्हणाला, "मास्तर, लहान टेम्पो चालवता आला तर हातगाडी सुटेल." सकाळी विद्यार्थी यायच्या आधी मी त्याला काही दिवस गाडीवर बसवलं. क्लच सोडताना त्याचा पाय थरथरायचा आणि तो स्वतःशीच हसायचा. फोटो फाटकावर लागला तेव्हाच मी बोलायला हवं होतं. म्हटलं, कशाला आपण मध्ये पडा.

त्या रविवारी त्याने मला गर्दीत पाहिलं. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणाला, "मास्तर, तुम्ही ओळखता मला. सांगा यांना."

सगळे माझ्याकडे वळले. सेक्रेटरींनी विचारलं, "ओळखता?"

तोपर्यंत त्याला कोणी हात लावलेला नव्हता. मी "हो" म्हटलं असतं तर पोतं त्याच्या खांद्यावर ठेवून त्याला फाटकापर्यंत सोडून आलो असतो. मी "नाही" म्हणालो. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. पुढे आला, माझ्या शर्टाची बाही धरली, "मास्तर, मी... सकाळचा..." असं काहीतरी म्हणाला. आणि मी मारलं. काठीने. पहिला फटका माझा. मग सगळे तुटून पडले.

तुम्ही लिहिलेली ती तीन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली, त्यांतलं माझं कोणतं ते शोधायला. सापडत नाही. मला त्याचा राग नव्हता. तो चोर नाही हे मला इतर कोणाहूनही जास्त माहीत होतं. भीती वाटली ती माझ्या बाजूला उभ्या असलेल्यांची. त्याला बाही धरून ठेवू दिली असती तर मी त्यांच्यातलाच एक ठरलो असतो.

याचं उत्तर नको. तिला कळू देऊ नका.

आपला,
मास्तर


१९ एप्रिल

मेहुणेबुवा,

उत्तर नको म्हणालात तरी देतेय. तुमच्या पत्राचं मी काय करणार ते आधी सांगते. कोणाला दाखवणार नाही, पोलिसांना नाही आणि चिमणीलाही नाही. पण तिने मला सरळ विचारलं तर खोटं सांगणार नाही. तेव्हा तिने विचारायच्या आत तुम्ही सांगा.

आणखी एक, हे लिहिताना मला माझीच लाज वाटतेय. तुमचं पत्र वाचून झाल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला? पत्र जाळावं. चिमणीचं घर वाचेल, तुम्ही वाचाल, बाकीच्यांनी आपलं बघावं. काडेपेटी हातात घेतली होती. सेक्रेटरी घरोघर गेले तेव्हा सगळ्यांनी मान कशी हलवली असेल ते मला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं मी ते नुसतं शिकवत होते.

तुम्ही लिहिलंत की तुमचं वाक्य सापडत नाही. सापडू नये हेच बरं. ज्यांना वाक्य सापडतं ते तुरुंगातून बाहेर येऊन पुन्हा तेच करतात.

पण नुसतं झोपेवाचून तळमळल्याने त्या माणसाला काय मिळणार? तो शुद्धीवर आहे. सगळी वसाहत म्हणते तो पडला. त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. त्याने ज्याला बोलावलं होतं तो माणूस अजून बोललेला नाही.

ताई


६ मे

ताई,

तुला पत्र आलं होतं हे आता मला माहीत आहे. रागावले नाही. रागवायला ताकदच उरली नाही.

मास्तरांनी ओट्याशी उभं राहून सांगितलं. मी भांडी पुसत होते. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलले, माझ्याकडे न बघता. मी एकच विचारलं, "त्याने बाही धरली तेव्हा तो काय म्हणाला?" ते म्हणाले, "मास्तर." मग मला जे काही झालं ते लिहिण्यासारखं नाही. मी त्यांना मारलं, ताई. हाताने. ते उभे राहिले. दोन दिवस मी दुकानाच्या मागच्या खोलीत राहिले. तिसऱ्या दिवशी ते दुकानात आले, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. म्हणाले, "येतेस? एकट्याने पाय उचलत नाहीत."

पोलीस ठाण्यात काय झालं ऐक. अधिकाऱ्याने बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मास्तर म्हणाले, "भिंतीवरून कोणी पडलं नाही. पहिला फटका मी मारला." अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, यांना घरी न्या. विश्रांती द्या."

मी म्हटलं, "लिहून घ्या."

"अहो, प्रकरण शांत झालंय. इतक्या चांगल्या घरची माणसं तुम्ही. कशाला आयुष्याचं मातेरं करून घेताय? एक भंगारवाला—"

पुढे तो थांबला, आपणच काय बोललो ते ऐकून. मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. "लिहा," म्हणाले. "नाव, पत्ता मी सांगतो. हातात काय होतं तेही सांगतो." तो लिहायला लागला. मास्तर बाकीच्यांची नावं सांगेनात, म्हणाले ज्याचं त्याने सांगावं. मग मी सांगितली. मी वरून पाहिली होती. दार लावायच्या आधी जेवढं पाहिलं तेवढं सगळं सांगितलं आणि दार लावलं हेही सांगितलं.

त्या दिवसापासून वसाहतीत आमच्याशी कोणी बोलत नाही. सेक्रेटरी फाटकाशी एवढंच म्हणाले, "आम्ही तुम्हाला आपलं मानलं होतं." शिकवणीची पाटी कोणीतरी उखडून नेली. दातांच्या डॉक्टरांनी मात्र आपण होऊन जबानी दिली. बायको त्यांना सोडून माहेरी गेली, असं ऐकते.

आणि गेल्या आठवड्यात दुसरी मोटर गेली. भंगारवाला दोन्ही हात प्लास्टरमध्ये घालून इस्पितळात पडलेला असताना. बादल्या वाहताना या वेळी कोणी अवाक्षर बोललं नाही.

मास्तरांना आत घेतलंय. जामिनासाठी त्यांनी अर्ज करू दिला नाही. तू येशील ना?

चिमणी


२७ नोव्हेंबर

ताई,

तू गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. तुझा चष्मा कपाटात राहिलाय, पाठवते.

निकाल तू ऐकलासच, मी पुन्हा लिहीत नाही. तीन वर्षं म्हणजे किती, हे मी अजून मनात घेतलेलं नाही. तू कोर्टात बोलत होतीस तेव्हा मी मास्तरांकडे बघत होते. घोळक्याबद्दल, भीतीबद्दल बोललीस तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. न्यायाधीशांनी "आपल्याला याबद्दल काही म्हणायचंय?" असं विचारलं तर ते म्हणाले, "ताईंनी सांगितलं ते खरं आहे. पण काठी माझ्या हातात होती." तुझा चेहरा तेव्हा मी पाहिला. परीक्षेत मला पहिला नंबर मिळाला होता तेव्हाही तू अशी रडली नव्हतीस.

सेक्रेटरी वरच्या कोर्टात गेलेत. ते अजून म्हणतात तो पडला. सून त्यांच्याविरुद्ध बोलली, ती आता पोराला घेऊन वेगळी राहते.

आज जे झालं ते सांगायला लिहितेय. भंगारवाल्याची बायको दुकानात आली होती.

मी इस्पितळात दोनदा गेले होते, दोन्ही वेळा तिने मला दारातूनच परत पाठवलं होतं. एकदा मी का झालं ते सांगायला लागले, तुझंच सगळं, लोक घाबरले होते वगैरे. ती म्हणाली, "बाई, ते तुमच्यात बोला." त्यानंतर मी गेले नव्हते.

आज ती काउंटरसमोर उभी राहिली, धापा टाकत. चौकातल्या मोठ्या दुकानात त्याची एक गोळी नव्हती, म्हणून आली असणार. चिठ्ठी पुढे सरकवली. चार औषधं होती, एक तिच्या दम्याचं, बाकी त्याची. त्याचा उजवा हात अजून कोपरातून वळत नाही, हे मला चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं त्यावरून कळलं. मी औषधं काढून समोर ठेवली. तिने पिशवीत टाकली नाहीत.

"वाचा," म्हणाली.

मला कळलं नाही.

"एकेकाचं नाव वाचा. मी बघते."

मी पहिलं पाकीट उचलून नाव वाचलं. तिने चिठ्ठीवर बोट ठेवलं, अक्षर अक्षर लावून बघितलं. मग पुढचं. मागे गिऱ्हाइकं ताटकळत होती, एकाने घसा खाकरला. तिने मान वळवली नाही. तिसऱ्या नावाशी ती अडली, पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. तारीख कुठे लिहिलीय ते दाखवायला लावलं. मी दाखवली. चारही झाल्यावर तिने ती एकेक करून पिशवीत ठेवली.

"ही तीन वेळा?" तिने विचारलं.

"दोनदा. जेवणानंतर."

ती गेली. पुढच्या महिन्यात तीच गोळी पुन्हा लागेल, म्हणून मी मागवून ठेवलीय. ती आली तर पुन्हा वाचून दाखवीन.

चिमणी